माय कझिन इज देअर

बापूंच्या इंग्रजीत वाक्यं मोजकीच, पण कझिनशिवाय त्यांतलं एकही पुरं होत नाही. मंत्रालयाचा विषय निघाला की, "माय कझिन इज देअर." न्यू जर्सीत बर्फ पडला की, "माय कझिन वॉज टेलिंग." कुणी फ्रिज घ्यायला निघालं की, "डोन्ट बाय. आय विल आस्क माय कझिन." सोसायटीच्या वार्षिक सभेत टाकीच्या वॉटरप्रूफिंगची कोटेशनं वाचून झाली, की मागच्या रांगेतून बापू उठतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि सेक्रेटरी मुकाट्यानं खाली बसतो. आता कझिनचं कोटेशन येणार, हे त्याला कळलेलं असतं. ते कोटेशन कागदावर मात्र अजून कुणी पाहिलेलं नाही.

एरवी बापू अस्सल मराठी माणूस. भाजीवाल्याशी, वॉचमनशी आणि देवाशी त्यांचं भांडण मराठीतच चालतं. इंग्रजी पाचवीपासून शिकलेल्या पिढीतले ते. 2000 साली मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं तेव्हा बापू हेडक्लार्क होऊन बसले होते. लहानपणी वडिलांनी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घोकून घेतली, पुढे नोकरीत 'विथ रेफरन्स टू युवर लेटर' एवढ्यावर निभावलं. त्या सगळ्या शिदोरीतून निवृत्तीनंतर हा एकच शब्द उरला आणि बापूंनी तो मनसोक्त वापरायला काढला.

त्यात अक्कल आहे, हे मान्य करायला हवं. कारण हेच वाक्य मराठीत बोलायची सोय नाही. "मंत्रालयात माझा भाऊ आहे," असं म्हणायचा अवकाश, समोरची काकू सरसावून बसते. सख्खा? नाही. चुलत? नाही. मग मामे, मावस, की आते? "आतेकडून थोडा लांबचा," असं बापू पुटपुटले की काकू डोळे बारीक करते. "लांबचा म्हणजे कराडच्या आत्याच्या जावेचा तर नव्हे? अहो, तो कुठला मंत्रालयात! त्याचं मंत्रालयासमोर झेरॉक्सचं दुकान होतं, तेही उठलं." वरणभाताचा कुकर उतरायच्या आत बापूंचं अख्खं वजन उतरलेलं असतं. कझिन म्हटलं की हा धोकाच नाही. काकू इंग्रजीत उलटतपासणी घेत नाही.

बापू 'कझिन ब्रदर' आणि 'कझिन सिस्टर'ही म्हणतात. इंग्रजाला हे शेपूट लागत नाही म्हणे. लागत नसेल त्याला. आपल्याकडे कुणाच्या घरी कोण मुक्कामाला येतंय हे आधी कळलेलं बरं, असं माझंही मत आहे.

या शब्दानं बापूंना एकदाच दगा दिला, तो रेल्वेच्या आरक्षण खिडकीवर. नागपूरचं कन्फर्म तिकीट हातात होतं आणि नेमका गुडघा धरला. तिकीट फुकट का घालवा, म्हणून आतेभावाला पाठवायचं ठरलं. गाडी सुटण्याच्या चोवीस तास आधी अर्ज दिला की तिकीट घरच्या माणसाच्या नावावर होतं, हे बापूंना ठाऊक होतं. खिडकीशी जाऊन त्यांनी खाकरून सांगितलं, "माय कझिन ब्रदर विल ट्रॅव्हल."

"कझिन की ब्रदर?" आतल्या बाईंनी मान वर न करता विचारलं.

"बोथ."

बाईंनी मान वर केली. आई, वडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, नवरा, बायको, अशी यादी त्यांनी बोटांवर मोजून दाखवली आणि उरलेली दोन बोटं मिटून घेतली. "यात तुमचे कोण?"

"ब्रदर," बापू म्हणाले.

"मग दोघांचं नातं दिसेल असा पुरावा आणा. जुनं रेशनकार्ड चालेल."

बापूंनी रेल्वेतल्या कझिनचा विषय काढून पाहिला. "त्यांनाही हाच नियम आहे," असं म्हणून बाईंनी पुढच्या माणसाचा फॉर्म ओढला. तिकीट रद्द झालं. आतेभाऊ लाल डब्यानं गेला आणि पोचल्यावर त्यानं फोनसुद्धा केला नाही.

खरे बापू पाहायचे तर जमिनीचा विषय काढावा. गावी आजोबांच्या नावची काही एकर जमीन आहे. तलाठ्याचा फोन आला की बापूंच्या तोंडून इंग्रजीचं अक्षर निघत नाही. कोण कुणाचा चुलता, कोण दत्तक गेला, कुणाची वारस नोंद राहिली, कुठला फेरफार कुणी दाबून ठेवला, सगळी वंशावळ तोंडपाठ. तिथे कझिन एकही नाही, सगळे भाऊबंद. पुण्यातल्या चुलतबहिणीला बापू कालपरवापर्यंत "माय कझिन सिस्टर, शी इज प्रोफेसर" असं सांगत फिरायचे. चुलत्यांना ती एकटीच, ती हक्कसोडपत्रावर सही करून मोकळी होईल, हे त्यांनी गृहीतच धरलं होतं. 2005 च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित जमिनीत मुलीलाही मुलाइतकाच जन्मतः हक्क दिला, हे बापूंनी पेपरात वाचलं होतं. घरच्या मुलीकडेही पेपर येतो, एवढं त्यांच्या ध्यानात आलं नाही. तिनं वाटपाचा अर्ज टाकला आणि प्रोफेसर सिस्टरची एका रात्रीत 'चुलत्याची पोरगी' झाली.

तारखेला दोघंही तहसील कचेरीत हजर. बापू सकाळपासून बाकावर ताटकळलेले, कुणी विचारत नव्हतं. ती आली, सरळ साहेबांच्या दारात उभी राहिली आणि बाकाकडे हात करून म्हणाली, "सर, ही इज माय कझिन." साहेब अर्धवट उठले. दोन खुर्च्या आल्या, दोन कप चहा आला. बापूंनी खुर्ची पुढे ओढली, तिच्या तब्येतीची चौकशी केली, बशीतला शेवटचा थेंबसुद्धा संपवला आणि संमतीचा कागद पुढे सरकवल्यावर चष्मा घरी राहिला म्हणाले. तो कपाळावरच होता.