खेळणं म्हणू नका

दुसऱ्या मजल्यावरच्या काकू भेटल्या की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "काय, झालं का तुमचं खेळणं?" गेली चार वर्षं हे चालू आहे. जिन्यात, पेरू गेटपाशी भाजी घेताना, गणपतीच्या आरतीला. मी दर वेळी सांगतो, काकू, खेळणं नाही, बोट आहे. "हो हो, तेच ते," म्हणतात आणि पुढे जातात. तेच ते नाही. आणि असं म्हणणाऱ्या काकू एकट्या असत्या तर मी लिहायला बसलो नसतो.

रिमोटवर चालणारी ही बोट 122 सेंटिमीटर लांब आहे. तळ फायबरग्लासचा, आतला सांगाडा मरीन प्लायचा, सगळं सामान बसवून वजन साडेसात किलोच्या आसपास. सहा-सहा सेलचे दोन लिथियम पॉलिमर पॅक एकापुढे एक जोडले की 44.4 व्होल्ट होतात. पूर्ण वेगात मोटर 120 अँपिअरपर्यंत ओढते, म्हणजे पाच हजार तीनशे वॅट, सात अश्वशक्ती. 110 सीसीच्या स्कूटरचं इंजिन जवळपास तेवढीच ताकद देतं, आणि ती स्कूटर शंभर किलोची असते. माझी मोटर मुठीत मावते. पाच हजार मिलिअँपिअर-तासाचा पॅक या हिशेबानं अडीच मिनिटांत रिकामा होतो. त्या अडीच मिनिटांसाठी मी वर्षभर काम करतो, हे मला मान्य आहे. माझी तक्रार त्याबद्दल नाही.

तक्रार 'खेळणं' या शब्दाबद्दल आहे, कारण तो शब्द नुसता जिन्यात राहत नाही, कागदावरही येतो. सीमाशुल्काच्या तक्त्यात चालती मॉडेलं खेळण्यांच्याच शीर्षकाखाली बसवलेली आहेत. बाहुल्या, तीनचाकी सायकली आणि माझी बोट एका रांगेत. खेळण्यांवरचं शुल्क 2020च्या अर्थसंकल्पात 20 टक्क्यांवरून 60 टक्क्यांवर नेलं आणि 2023मध्ये 70 टक्के केलं. देशातल्या खेळणी करणाऱ्यांना आधार हवा होता, ते बरोबरच आहे. पण मिनिटाला 40 हजार फेरे घेणाऱ्या मोटरच्या बोटीचा तळ इथे कुणी बनवत नाही, मग माझ्या 70 टक्क्यांनी आधार कुणाला मिळाला, हे मला कळलेलं नाही. म्हणून तळ मी स्वतः करतो. सदाशिव पेठेत, दोन खोल्या आणि एक बाल्कनी एवढ्या जागेत.

इथे ऋतू आडवे येतात. रेझिनमध्ये हार्डनर घातला की ते ठरावीक वेळात घट्ट व्हावं लागतं. जून ते सप्टेंबर हवेत इतका ओलावा असतो की वरचा थर चिकट राहतो, त्यावर मेणासारखा पातळ पापुद्रा येतो आणि तो पाण्यानं धुऊन, पॉलिश पेपरनं घासून काढल्याशिवाय पुढचा थर धरत नाही. एप्रिल-मेमध्ये उलट. वाटीत कालवलेलं रेझिन ब्रश बुडवेपर्यंत गरम व्हायला लागतं आणि एकदा तर वाटीतून धूर आला. नीट काम होतं ते डिसेंबर ते मार्च. आणि बोट चालवण्याइतकं पाणी भरलेलं असतं ते ऑगस्ट ते डिसेंबर. म्हणजे पाणी असतं तेव्हा बोट नसते आणि बोट तयार होते तेव्हा पाणी उतरलेलं असतं. हे कुणाच्या हातात नाही, पण याबद्दल कुणी साधी हळहळही व्यक्त करत नाही.

सामानाचं सांगतो. टिंबर मार्केटमध्ये प्लाय आठ बाय चारच्या शीटनं मिळतं. मला तीन मिलिमीटरचं, दोन फूट लागतं. पूर्ण शीटचे पैसे देतो म्हटलं तरी दुकानदार कापून देत नाही, आणि आठ फुटी शीट रिक्षात बसत नाही. टेम्पोला प्लायपेक्षा जास्त पैसे जातात. नाना पेठेत स्पेअर पार्टच्या एका दुकानात मी फ्लेक्सिबल शाफ्ट मागितला. मोटरपासून प्रोपेलरपर्यंत बाक घेत जाणारी, तारा पिळून केलेली ही दांडी. मालकानं मोटरसायकलची स्पीडोमीटर केबल काढून दिली आणि "हेच ते" म्हणाला. स्पीडोमीटर केबलला काटा हलवायचा असतो, तिच्या अंगावर पाच हजार वॅट कधी येत नाहीत. मी ते सांगितलं. तो म्हणाला, "घेऊन तर जा, खेळण्यालाच लावायचीये ना." पहिल्याच फेरीत केबल उलगडली, नळीत गुंडाळी होऊन अडकली आणि मोटरचा पुढचा बेअरिंग घेऊन गेली.

तपकीर गल्लीत बॅटरीच्या तारा जोडायच्या पिना घेतल्या, 8 मिलिमीटरच्या. घरी व्हर्नियर लावला तर 7.8 भरल्या. दोन दशांशांनी काय होतं, असं कुणीही विचारेल. पीन सैल बसली की सांध्याचा रोध वाढतो. 120 अँपिअर प्रवाहात एक मिलिओहम रोध आला तर तिथे 14.4 वॅटची उष्णता तयार होते. बोराएवढ्या जागेत 14 वॅट म्हणजे 25 वॅटच्या सोल्डरिंग गनची अर्ध्याहून जास्त धग, तीही झाकलेल्या बोटीच्या आत. कथील मऊ होतं, तार सुटते आणि बोट तळ्याच्या मध्यावर थांबते. बदलून मागायला गेलो तर "आजपर्यंत कुणाची तक्रार नाही" असं उत्तर मिळालं. बाकीच्यांनी व्हर्नियर लावला नसेल.

प्रोपेलरबद्दल मात्र थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण बोटीचा खरा जीव तिथे आहे. दोन पात्यांचा, 55 मिलिमीटर व्यासाचा. वेगात असताना तो अर्धा पाण्यात आणि अर्धा हवेत फिरतो, त्यासाठीच तो बनवलेला असतो. साच्यातून निघतो तेव्हा त्याची कड बोथट असते आणि एक पातं दुसऱ्यापेक्षा जड. दोन दाढीची पाती समोरासमोर उभी करून त्यांच्या धारेवर मी प्रोपेलर दांडीसकट ठेवतो. जड पातं हळूच खाली येतं. त्या पात्याच्या पाठीवर बारीक कानस चार वेळा फिरवायची, पुसायचं, परत ठेवायचं. पुन्हा खाली आलं तर आणखी दोन वेळा. पोटाच्या बाजूला कानस लावायची नाही, पीच बिघडतो. बाराशेच्या पॉलिश पेपरवर कड अशी आणायची की नखावर ठेवली तर घसरू नये. एका प्रोपेलरला तीन संध्याकाळी लागतात. शेवटी कसाही ठेवला तरी तो जागच्या जागी राहतो, जिथे सोडाल तिथे थांबतो. त्या क्षणी घरातलं कुणीतरी हमखास विचारतं, "मघापासून काय एवढं घासताय?" मी हाक मारून दाखवायला बोलावतो. हललेलं नाही, हे बघायला कुणी येत नाही.

बॅटरीचा विषय सोसायटीच्या बैठकीत निघाला. 2022च्या मार्चमध्ये लोहगाव भागात विजेच्या एका स्कूटरला आग लागली, त्याचे व्हिडिओ सगळ्यांच्या फोनवर आले, आणि त्यानंतर माझ्या बाल्कनीकडे लोक मान वर करून बघायला लागले. भीती खोटी नाही, लिथियम पॅक चुकीचा हाताळला तर पेटतो. म्हणूनच मी प्रत्येक सेल 4.2 व्होल्टच्या वर जाऊ देत नाही, चार्जिंग चालू असताना जागचा उठत नाही, आणि पॅक मातीच्या कुंडीत, खाली-वर वाळू घालून ठेवतो. वापर नसेल तेव्हा सेल 3.8 व्होल्टवर आणून ठेवतो. बैठकीत हे सगळं सांगितलं, कुंडी बघायला या म्हटलं. कुणी आलं नाही. इतिवृत्तात मात्र 'ज्वालाग्राही खेळणी' असा शब्द आला. शिवाय माझ्यामुळे इमारतीचं वीजबिल वाढतं असंही एकानं बोलून दाखवलं. मीटर माझा आहे. आणि दोन्ही पॅक भरायला जेमतेम पाव युनिट वीज लागते. त्यांच्या घरचा गीझर तेवढी सात-आठ मिनिटांत घेतो.

पॅक परदेशातून आणायचं म्हणावं तर तिथे वेगळं. 22.2 व्होल्ट गुणिले 5 अँपिअर-तास म्हणजे 111 वॅट-तास. विमानात सुटे पॅक 100 वॅट-तासांपर्यंत विनापरवानगी हातातल्या बॅगेतून नेता येतात, 160पर्यंत कंपनीची परवानगी घेऊन. माझा मामेभाऊ 11 वॅट-तासांसाठी तीन ईमेल लिहून मोकळा झाला आणि शेवटी पॅक तिकडेच ठेवून आला. प्रवासी विमानाच्या मालडब्यातून नुसते लिथियम पॅक पाठवणं 1 एप्रिल 2016पासून बंदच आहे. नियम सुरक्षेचा आहे, मी त्याच्या बाजूनं आहे. पण भावानं सांगितलेली हकिकत अशी की काउंटरवरच्या माणसानं "कशाला लागतं हे?" म्हणून विचारलं, आणि भाऊ म्हणाला, "फॉर अ टॉय." आमच्याच घरातला माणूस.

आता पाणी.

सदाशिव पेठेतून टिळक रस्ता ओलांडून थोडं चाललं की सारसबाग. तळ्यातला गणपती तिथे आहे, पण तळं नाही. पर्वतीच्या पायथ्याचं ते तळं नानासाहेब पेशव्यांच्या काळातलं. मधल्या बेटावर सवाई माधवरावांच्या वेळी, 1784मध्ये गणपती बसवला. पेशवे त्या तळ्यात नावेतून फिरत आणि गुप्त खलबतं नावेतच करत, वल्ही मारायला मराठी न समजणारे हबशी ठेवत, असं सांगतात. 1960च्या दशकात तळं बुजवून बाग झाली. मी दर चतुर्थीला दर्शनाला जातो आणि हिरवळीवर उभं राहून अंतर पावलांनी मोजतो. दीडशे मीटरची सरळ धाव इथे निघाली असती. घरापासून बोट हातात धरून चालत येता आलं असतं.

हे शहर बोटींना नवखं नाही. इंजिनिअरिंग कॉलेजची रेगाटा संगमाजवळ 1928पासून होते आहे. एनसीसीच्या नौदल शाखेत शिप मॉडेलिंग हा स्पर्धेचा विषय आहे, मुलं हातानं जहाजं बनवतात आणि पाण्यात चालवून दाखवतात. पण माझ्यासारख्या एकट्या माणसाला पाणी कुठे? पाषाणच्या तळ्यावर जलपर्णी पसरते. तिचं एक मूळ शाफ्टला गुंडाळलं की मोटर जाते, आणि पान थंडाव्याच्या पाण्याच्या नळीत बसलं की स्पीड कंट्रोलर. काकूंच्या मुलानं सुचवलं, विसर्जनाच्या हौदात सोडा. विसर्जनाची लोखंडी टाकी माझ्या बोटीच्या तीन-चार लांबीएवढी असते.

एका धरणाच्या काठावर रखवालदारानं थांबवलं. "ड्रोनला परवानगी लागते." म्हटलं, ड्रोन नाही, बोट आहे, उडत नाही. "रिमोट आहे ना हातात?" रिमोट आहे. "मग ड्रोनच." ड्रोनचे नियम 2021मध्ये आले आणि तेव्हापासून रिमोट दिसला की लोकांना आकाशच दिसतं. माझे दोन मित्रही सारखे सांगतात, हे सोड, ड्रोन घे, लग्नाचं शूटिंग तरी मिळेल. त्यांना मी टेस्लाची गोष्ट सांगतो. 1898 साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये निकोला टेस्लानं लोकांपुढे रेडिओवर चालणारं यंत्र मांडलं, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याचं पेटंट मिळालं. ते विमान नव्हतं, गाडी नव्हती. हौदात सोडलेली, बॅटरीवर चालणारी बोट होती. तारेशिवाय दुरून चालवायच्या यंत्रांची सुरुवात बोटीपासून आहे. रखवालदाराला मी हे सांगू शकलो नाही, तो शिट्टी वाजवत पुढे गेला होता.

शेवटी पुरंदरमधल्या मित्रानं त्याचं शेततळं देऊ केलं. त्याचे उपकार मी विसरणार नाही. तळं 30 बाय 30 मीटरचं, तीन मीटर खोल, प्लास्टिक अंथरलेलं. माझी बोट पूर्ण वेगात सेकंदाला 25 मीटर जाते. म्हणजे एका काठापासून दुसरा काठ सव्वा सेकंद. "मग हळू चालव," मित्र म्हणाला. हळू चालवली की तळ पाण्याच्या वर येत नाही, बोट नांगरासारखी पाणी ढकलत राहते, आणि अर्ध्या थ्रॉटलवर स्पीड कंट्रोलर पूर्ण थ्रॉटलपेक्षा जास्त तापतो. हळू चालवण्यासाठी ती बनवलेलीच नाही. तरी चालवली, वीस सेकंद, गोल गोल. एकदा वळणावर पूर्ण थ्रॉटल दिला तेव्हा नाक उचललं, तळ पाण्यावर नुसता टेकल्यासारखा झाला आणि मागे दोन पुरुष उंचीचा पाण्याचा पिसारा उठला. मित्राचे वडील बांधावर उभे होते. म्हणाले, "बोट चांगली हाय, पण तळं बारकं पडलं." चार वर्षांत तिला बोट म्हणणारे ते पहिले.

मला दीडशे मीटर लांब, साठ मीटर रुंद, कमरेएवढं, जलपर्णी नसलेलं पाणी हवं आहे. आठवड्यातून एकदा, सकाळी सहा ते आठ. तेल नाही, धूर नाही, दर वेळी अडीच मिनिटं. कुठल्याही कार्यालयात अर्ज घेऊन जायला तयार आहे, फक्त अर्जाच्या विषयात 'खेळणे' लिहायला सांगू नका. मागच्या वेळी खिडकीवरच्या बाईंनी तेच सांगितलं, कारण त्यांच्या यादीत दुसरा रकाना नव्हता.

सध्या बोट कपाटावर आहे, आईच्या जुन्या गोधडीत गुंडाळलेली. शाफ्ट बाहेर काढून पुसलाय, ग्रीस लावून परत घातलाय. प्रोपेलर कापसात, पेढ्याच्या डबीत. पॅक 22.8 व्होल्टवर आणून कुंडीत ठेवलेत. तळाला उजव्या बाजूला शेततळ्याच्या काठावर घासल्याचा एक चरा आहे, वीतभर. थंडी पडली की तिथे काचेच्या कापडाचा एक थर देणार आहे.