डास नाहीत ना तुमच्याकडे?

कोकणातल्या आपल्या घरात पाहुण्यांना दोन-तीन खोल्या देणारी जी मंडळी आहेत, त्यांना नवरात्रापासूनच पुण्यामुंबईचे फोन सुरू होतात. पहिला प्रश्न भाड्याचा. दुसरा, मासे ताजे की फ्रिजमधले. तिसरा प्रश्न मात्र, स्थळ बघताना घराण्यातल्या आजाराची चौकशी करावी तसा, आवाज खाली आणून विचारला जातो : "डास नाहीत ना तुमच्याकडे?"

गुहागरपासून तारकर्लीपर्यंत याचं उत्तर ठरलेलं आहे. "डास? छे हो, काका! संध्याकाळची जराशी चिलटं येतात. तीसुद्धा भरतीच्या वेळेला." काकांचं समाधान होतं आणि आगाऊ रक्कम जमा होते. भरती दिवसातून दोनदा येते, हे काकांच्या ध्यानात तिथे पोचल्यावर येतं.

यजमानाने तरी दुसरं काय सांगायचं? पाहुण्याच्या मागण्या बघा. नारळी-पोफळीची वाडी हवी, तीही अशी दाट की दुपारी दिवा लावावा लागेल. वाडीत पाटाचं पाणी हवं. अंगणात दगडी डोणी हवी, तीत कमळ हवं. न्हाणीघराला छप्पर नसलं तर दुप्पट भाडं द्यायची तयारी. दिवे मंद हवेत, खिडक्या उघड्या हव्यात आणि खाट शक्यतो झाडाखालीच हवी. ही यादी एखाद्या डासाच्या मादीने बसून लिहिली असती, तरी तिला यात फारशी भर घालता आली नसती. वाडीत गळून पडलेली पोफळीची विरी आणि उपडी करायची राहिलेली करवंटी, एवढ्यात साठणारं पावसाचं पाणी डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस मादीला अंडी घालायला पुरतं. डोणी आणि कमळ ही तर चैन झाली.

आपण पैसे मोजतो ते निसर्गासाठी. तारकर्लीला डॉल्फिन दाखवायला नेतात, पण ते दिसतीलच याची हमी कुणी देत नाही. धनेश दिसला तर नशीब. बिबट्या न दिसलेलाच बरा. दिलेल्या वेळेला, न चुकता, स्वतः चालून पाहुण्याच्या भेटीला येणारा कोकणातला एकमेव वन्यजीव म्हणजे डास, आणि अभिप्राय लिहिताना एक तारा नेमका त्याच्यामुळे कमी होतो.

सुशोभनाच्या पाण्याने माणसं मारण्याचा पराक्रम आपण पहिल्यांदा करतोय असं समजू नका. १८८० च्या दशकात फ्रेंच लोक पनामाचा कालवा खणत होते. त्यांचं तिथलं इस्पितळ म्हणे बागेसाठी नावाजलेलं. मुंग्या झाडांवर आणि रुग्णांच्या अंगावर चढू नयेत म्हणून झाडांभोवती आणि खाटांच्या पायांखाली पाण्याची भांडी ठेवत. मुंग्या चढल्या नाहीत. भांड्यांत डास वाढले, आणि दुसऱ्याच आजारासाठी दाखल झालेले लोक पिवळ्या तापाने आणि मलेरियाने मेले. त्या कामावर सुमारे २२ हजार माणसं गेली असा अंदाज आहे. आज रिसॉर्टच्या स्वागतकक्षात पितळी उरुळीत तरंगणारी झेंडूची फुलं बघितली की त्या कल्पक फ्रेंच व्यवस्थापकाचा वंश अजून टिकून असल्याची खात्री पटते.

डासामुळे मलेरिया होतो हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. ते शोधलं रोनाल्ड रॉस यांनी, आपल्याच सिकंदराबादेत, २० ऑगस्ट १८९७ रोजी. त्यासाठी हुसेन खान नावाच्या मलेरियाच्या रुग्णाला मच्छरदाणीत झोपवून आत डास सोडले होते, आणि चावणाऱ्या प्रत्येक डासामागे त्याला एक आणा मिळाला. हिशेब लक्षात घ्या. सव्वाशे वर्षांपूर्वी डास चावून घेण्याचे पैसे मिळत असत. आता तेच काम आपण नाश्ता धरून रात्रीचे सहा हजार भरून करतो, वर संध्याकाळी शेकोटीचा आग्रह धरतो.

डास रात्री चावतात अशी आपली पिढीजात समजूत आहे, म्हणून सातच्या सुमाराला कॉइल पेटवली की कर्तव्य संपलं. एडिस तोवर आपली पाळी संपवून निघालेला असतो. त्याची जोराची वेळ सकाळची आणि मावळतीच्या आधीची. म्हणजे पडवीत चहा-पोहे चालू असताना, आणि नंतर समुद्राकडे पाठ करून सूर्य चिमटीत धरायचे फोटो काढताना. फोटोत नववधू हसते आहे असं आपल्याला वाटतं, खरं तर ती एका पायाने दुसरा पाय खाजवत असते. अंधार पडला की मलेरियाचा अ‍ॅनोफिलिस कामावर रुजू होतो, तो पहाटेपर्यंत. सूर्यास्ताला हातात बीअर असेल तर आणखी उत्तम. बुर्किना फासो देशात केलेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, पाणी प्यायलेल्यांपेक्षा तिथली गावठी बीअर प्यायलेल्यांकडे डास जास्त ओढले गेले. गोव्यात हा प्रयोग रोज संध्याकाळी मोठ्या प्रमाणावर होतो, फक्त कुणी लिहून ठेवत नाही.

चावते ती मादी. अंडी घालायची तर तिला रक्तातली प्रथिनं लागतात. नर फुलांतला रस पितो, हवेत तरंगतो आणि कुणाच्या अध्यातमध्यात नसतो. सुट्टीवर आलेल्या अनेक कुटुंबांतली कामाची वाटणी याहून फार वेगळी नसते.

आता प्रत्येक कुटुंबात एक 'गोड रक्ताचा' माणूस असतो. "मला फार चावतात हो, माझं रक्तच गोड!" हे सांगताना त्याच्या चेहऱ्यावर जे तेज येतं, ते शास्त्रज्ञांनी बघितलेलं नाही. त्यांना गोडीचा काही पत्ता लागला नाही. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात ६४ जणांच्या हातांवर नायलॉनचे मोजे चढवून कुणाच्या वासाला डास भुलतात ते तपासलं, त्याचा निष्कर्ष २०२२ मध्ये आला : कातडीवर विशिष्ट तेलकट आम्लं ज्यांच्या जास्त, त्यांच्याकडे डास जास्त, आणि हे वर्षानुवर्षं बदलत नाही. थोडक्यात, रक्त नव्हे, वास. घरातल्या गोडबोल्यांना हे सांगू नये, सहलीवर नेमकी भांडणं होतात. उलट असा एक नातेवाईक दर सहलीला आवर्जून न्यावा आणि त्याची खाट दाराजवळ टाकावी. त्याचा खर्च वर्गणीतून भागवायला कुणाची हरकत नसावी.

उपायांबद्दल बोलायचं तर निघण्याच्या आदल्या रात्री कुटुंबाच्या ग्रुपवर आयुर्वेदापासून अणुशास्त्रापर्यंत सगळं येऊन पडतं. लसूण खा. ब-जीवनसत्त्वाच्या गोळ्या घ्या. दोन्हींनी डासांना काही फरक पडत नाही, शेजारी बसणाऱ्याला मात्र लसणाने पडतो. गवती चहाच्या जातीचं तेल लावा. लावा, पण तास-दोन तासांत त्याचा वास उडतो, आणि मग तो नुसताच महाग मसाज ठरतो. एका भाचरू अभियंत्याने मोबाइलवर न ऐकू येणारा आवाज काढणारं अ‍ॅप घेतलेलं असतं. असल्या आवाजी यंत्रांवरच्या दहा चाचण्या २००७ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय आढावे घेणाऱ्या संस्थेच्या अभ्यासकांनी एकत्र तपासल्या, एकीतही डास कमी चावल्याचं दिसलं नाही. पण अभियंत्याचा विश्वास ढळत नाही. "आवाज ऐकू येत नाही म्हणजेच तो चालू आहे," असं तो म्हणतो, आणि यावर कुठल्याही चाचणीला उत्तर नाही.

मग बॅट. डास मारायच्या बॅटने मध्यरात्री खोलीभर जो खेळ चालतो त्याचा डासांच्या संख्येशी संबंध शोधू नये. तो 'चट्' असा आवाज आला की माणसाला आयुष्यात काहीतरी तडीला नेल्याचं सुख मिळतं, आणि ऑफिसात वर्षभर ते मिळालेलं नसतं.

कॉइलची कथा जरा निराळी. जपानचे एइइचिरो उएयामा आधी उदबत्तीसारख्या काड्या करत. त्या पाऊण तासाच्या आत विझत आणि डास विझायची वाट बघत बसत. त्यांच्या पत्नी युकी यांनी काडी वळवून वेटोळं करायला सुचवलं, तेव्हा ती रात्रभर जळू लागली. शोधाचं नाव नवऱ्याचं राहिलं, हे सांगायला नकोच. वेटोळं आपल्याकडे कासवाच्या नावाने नांदलं आणि त्याने डासांना खरोखर थोपवलं. मात्र बंद खोलीत एक कॉइल जाळली तर निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके असतात, असं २००३ च्या एका अभ्यासाने दाखवलं. "कोकणची स्वच्छ हवा खायला आलोय" म्हणत सिगारेट सोडलेले काका दारंखिडक्या लावून, उशाशी कॉइल पेटवून, समाधानाने घोरतात.

गंमत अशी की चालणारे उपाय कुणापासून लपवलेले नाहीत. फिक्या रंगाचे, पूर्ण बाह्यांचे, सैल कपडे घाला. उघड्या अंगाला ओडोमॉससारखं मलम लावा, उन्हाचं क्रीम लावणार असाल तर ते आधी आणि हे वरून. पंखा मोठा करा, कारण डास उडण्यात अगदी लेचापेचा असतो, वाऱ्यापुढे त्याचा टिकाव लागत नाही. आणि मच्छरदाणीत झोपा. एवढंच. पण पांढरा पायजमा, ओशट हात आणि डोक्यावर घरघरणारा पंखा हे काही सुट्टीचं चित्र नव्हे. असं आपण घरी राहतो. सुट्टीला गुडघ्यापर्यंतची काळी चड्डी लागते, आणि गडद रंग डासांना लांबून छान दिसतो.

मच्छरदाणी तर रिसॉर्टमध्ये असतेच, शिवाय देखणी असते. आजोबांच्या चार बांबूंच्या, ठिगळं लावलेल्या, कळकट मच्छरदाणीची ही श्रीमंत नात. छताला टांगलेली, शुभ्र, चारी कोपऱ्यांना रेशमी फिती बांधून वर उचललेली. खाली टॉवेलचे दोन हंस चोच जुळवून बसलेले. ती सोडायची कुणाची छाती होत नाही, कारण सोडली तर फोटो बिघडतो. एकदा एका गृहस्थांनी सोडलीच, तर ती गादीपाशी वीतभर आखूड निघाली. व्यवस्थापकाने नम्रपणे खुलासा केला, "सर, ती थीमची आहे."

ज्या घरी खोल्या भाड्याने देत नाहीत तिथे अजून तिन्हीसांजेला नारळाच्या सोडणांची धुरी करतात. पाहुण्यांना तीही चालत नाही. डोळे चुरचुरतात म्हणे.

या सगळ्या बंदोबस्तात एक गोष्ट राहून जाते, ती म्हणजे आपण घरी मागे काय ठेवून निघतो. आठ दिवसांत झाडं वाळू नयेत म्हणून कुंड्यांखालच्या बशा काठोकाठ भरलेल्या असतात. खिडकीत बाटलीतला मनीप्लांट. परतल्यावर पाणी नसलं तर म्हणून न्हाणीत दोन बादल्या आणि एक पिंप. फ्रिजच्या मागच्या तबकात वितळलेलं पाणी, गच्चीवर झाकण फुटलेली टाकी, जिच्याबद्दल सोसायटीच्या सभेत दरवर्षी ठराव होतो. उबेच्या हवेत अंड्याचा उडता डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. म्हणजे काका ज्या रात्री कुलूप उघडून आत येतात, त्या रात्री एक पूर्ण नवी पिढी त्यांच्या स्वागताला सज्ज असते, भुकेली आणि घरचीच. पुढच्या आठवड्यात अंगात कणकण येते. डेंग्यूचा ताप चावल्यानंतर चार ते दहा दिवसांनी येतो, तेव्हा चावणारा डास गुहागरचा की गच्चीवरचा हे डॉक्टरही सांगू शकत नाहीत. काका सांगू शकतात. ताप उतरायच्या आत त्यांनी यजमानाला एक तारा दिलेला असतो.

२०२४ च्या जूनमध्ये डासांमुळेच पसरणाऱ्या झिकाचे रुग्ण सापडले ते पुण्यात, एरंडवण्यात. त्यामुळे वेंगुर्ल्याच्या एखाद्या काकूंनीच पुढच्या वेळी फोनवर विचारायला हरकत नाही : "पुण्याहून येताय ना? डास नाहीत ना तुमच्याकडे?"

ज्यांना हा जाचच नको त्यांच्यासाठी आजवर आइसलँड होतं. जगात जवळजवळ सगळीकडे डास, पण तिथे नाहीत, असं मुलांना सामान्यज्ञानात पाठ करावं लागे. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथेही तीन सापडले. पतंग धरण्यासाठी एका हौशी कीटकप्रेमीने वाइनमध्ये भिजवून टांगलेल्या फितीवर ते येऊन बसले होते. दोन माद्या आणि एक नर, म्हणजे बहुधा सहकुटुंब सुट्टीवर.

आता उरलं अंटार्क्टिका. तिथल्या जमिनीवरच्या मूळच्या एकमेव कीटकाला पंखही नाहीत आणि तो चावतही नाही. आमच्या इमारतीतल्या काकांनी एका सहल कंपनीला फोन लावला. जेवणात वरण-भात आहे का, हे विचारलं. आहे म्हणाले. मग ते आवाज खाली आणून म्हणाले, "बाकी सगळं ठीक आहे हो, पण ती पेंग्विनं चावत नाहीत ना?"