छपराची उघडझाप

मामांना अमेरिकेत काय दाखवावं, यावर घरात बराच खल झाला. नासा बघून ते "बरंय" म्हणाले, मॉलमध्ये बाकडं शोधून बसले. शेवटी मी त्यांना ह्यूस्टनच्या बेसबॉल स्टेडियममध्ये नेलं. तिथलं छप्पर सरकतं, आणि बेलापूरकडच्या माणसाला आभाळ नि पीक यांच्यामध्ये येणाऱ्या कुठल्याही वस्तूत रस असतोच.

स्टेडियमचं तोंड म्हणजे 1911 सालचं युनियन स्टेशन. तिथं आता गाडी येत नाही, याचं मामांना नवल वाटलं नाही. बेलापूर नावाचं स्टेशन श्रीरामपुरात असतं, हे जन्मभर पाहिलेला माणूस तो. आत भिंतीवर एक इंजिन उभं आहे. आपल्या टीमनं होमरन मारला की धावतं.

"एरवी?"

"एरवी उभं."

"म्हणजे आपल्या पॅसेंजरसारखंच."

2000 साली हे उघडलं तेव्हा नाव होतं एन्रॉन फील्ड. मामा ताठ झाले. "दाभोळवाली?" तीच. 30 वर्षांसाठी 10 कोटी डॉलर कबूल करून पाटी लावली आणि 2001च्या डिसेंबरात कंपनीनंच दिवाळं काढलं. टीमला 21 लाख डॉलर मोजून नाव सोडवून घ्यावं लागलं. "आपली वीज गेली, ह्यांची पाटी," मामा म्हणाले. मग मिनिट मेड आलं आणि 2025पासून डायकिन. छप्पर उघडं टाकायच्या जागेला एसीवाल्याचं नाव, पण ते असो.

याच शहरात 1965 साली पूर्ण झाकलेला अ‍ॅस्ट्रोडोम झाला. वर पारदर्शक तावदानं, खाली खरं गवत. तिरीप डोळ्यांवर येऊन उंच गेलेला चेंडू दिसेना, म्हणून तावदानं रंगवली. ऊन तुटलं, गवत मेलं. मग मेलेल्या गवताला हिरवा रंग मारून हंगाम काढला!

"पिकाला रंग?" मामांना ठसका लागला. "पंचनाम्याच्या आधी का नंतर?"

पुढच्या वर्षी तिथं प्लास्टिकचं गवत आलं. या नव्या मैदानात मात्र खरं गवत, म्हणून हे सरकतं छप्पर. तीन तुकडे, रुळांवर पोलादी चाकं, वीस मिनिटांच्या आत सगळं आभाळ मोकळं.

त्या संध्याकाळी हवा बरी होती, सामना चालू असतानाच छप्पर हललं. मामांनी खेळाकडं पाठच फिरवली. अवकाळीत रात्री दोनला कांद्याच्या ढिगावर कागद ओढायचा म्हणजे चार कोपऱ्यांना चार माणसं, कडेला दाबायला विटा, आणि बांधावर उभा राहून नुसत्या सूचना देणारा एक शेजारी. इथं एवढा लोखंडाचा पसारा सरकतोय आणि ओरडायला कुणीच नाही!

त्यांना राहवेना. खुर्चीवरून उठून, हात वर करून ते गरजले, "डावीकडनं ओढा रे, डावीकडनं!"

मागच्या रांगेतल्या बाईंनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. होमरन झाला असावा, असा त्यांचा समज झाला.