सेकंदाचा अडीचशेवा भाग

जुन्नर-आंबेगावातला हौशी फोटोग्राफर ओळखायला सोपा. पावसाळ्यात नाणेघाटात सगळी गर्दी वाऱ्याने उलट वर उडणाऱ्या धबधब्याकडे तोंड करून ओरडत असते. हा एकटा तिकडे पाठ करून, छत्रीत मान खुपसून लेन्स पुसत असतो. एरवी तो मंचरच्या पतसंस्थेत, नारायणगावच्या ठिबकच्या दुकानात किंवा घोडेगावच्या शाळेत सापडतो, पण बोलणं सदैव आयएसओ आणि शटरचं. घरच्या लग्नात त्याला फोटो काढायला सांगू नये, हे भावकीला अनुभवाने कळलेलं आहे. उजवीकडे कललेला हिस्टोग्राम तो मध्यावर आणेपर्यंत अंतरपाट खाली आलेला असतो, अक्षता पडलेल्या असतात आणि पहिली पंगत अर्धी उठलेली असते. हाती लागतो तो आचाऱ्याच्या झाऱ्याचा फोटो. त्यात बुंदीचा दाणा न् दाणा मोजता येतो, यावर तो खूश असतो.

अशा माणसाला हसायची रीत आहे आणि ती मोडावी असं मला वाटत नाही. मात्र हसता हसता लोक जे निदान करतात, की हे पुण्या-मुंबईहून आलेलं खूळ आहे, ते साफ चूक आहे. आकड्यांची ही खोड इथलीच. उत्तर पुणे जिल्ह्यातल्या यात्रांमध्ये घाटात पळणारा बैलगाडा शेजारच्या गाड्याशी नव्हे, घड्याळाशी शर्यत लावतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली या शर्यती बंद केल्या, डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा मोकळ्या केल्या, आणि पारावरची चर्चा होती तिथून पुढे सुरू झाली: बारी किती सेकंदांत झाली, नंबर किती पॉइंटांनी हुकला. सेकंदाचे तुकडे पाडून त्यावर रात्र रात्र भांडणाऱ्या गावाने ‘एक बाय अडीचशे’ म्हणणाऱ्याला वेडा ठरवावं, हा अन्याय आहे. उलट घाटात खरं भांडण वेगळंच होतं. हा शटर एक बाय साठवर ठेवतो, पळत्या बैलांबरोबर कॅमेरा फिरवतो. बैल स्वच्छ येतात आणि मागची गर्दी फराटे ओढल्यासारखी पुसली जाते. तंत्र बिनचूक असतं, पण त्या फराट्यांत सरपंचही गेलेले असतात.

याहून जुना पुरावा नाणेघाटातच आहे. तिथल्या लेण्यातला, सातवाहन राणी नागनिकेशी जोडला जाणारा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लेख म्हणजे यज्ञातल्या दक्षिणेची यादी: गायी किती, हत्ती-घोडे किती, कार्षापणं किती. चिन्हांनी आकडे लिहिल्याच्या भारतातल्या सर्वांत जुन्या नमुन्यांत तो मोजला जातो. यज्ञाचं वर्णन करावं, धुराचा सुगंध आळवावा, असं लिहवून घेणाऱ्यांना वाटलं नाही. हिशेब लिहावासा वाटला. आपला गडी या परंपरेत चपखल बसतो.

यावर रसिक म्हणतात, की हिशेबाच्या नादात त्याचं बघणंच राहून जातं. वरवर पटण्यासारखं आहे. पण तोच लेख घ्या. समोरून फ्लॅश मारला की झिजलेली अक्षरं सपाट होऊन दगडात विरून जातात. उजेड बाजूने, भिंतीला घासून तिरका सोडला तर प्रत्येक खाचेला सावली पडते आणि अक्षर उठून येतं. दर्दी लोक ‘वा, इतिहास’ म्हणून निघून जातात. खाच कुठे आणि नुसता तडा कुठे, हे टॉर्चचा कोन बदलत बसलेल्यालाच दिसतं. आकाशाचंही तसंच. आकाशगंगेच्या गाभ्याचा फोटो हवा तर पावसाळा बाद, चंद्र असलेल्या रात्री बाद. उरतात फेब्रुवारी ते मे मधल्या मोजक्या अंधाऱ्या उत्तररात्री. त्यातही पाचशेला लेन्सच्या फोकल लेंग्थने भागावं, येतील तेवढीच सेकंदं शटर उघडं ठेवावं, नाहीतर ताऱ्यांच्या रेघा होतात. या भागाकारापायी तो पहाटे तीनला हडसरच्या पायथ्याशी उभा असतो. बघणारे रसिक तेव्हा झोपलेले असतात.

दुसरा आक्षेप मोबाइलवाल्यांचा: एवढं कशाला, आमचा फोन आपोआप काढतो. काढतो खरा, पण फोन अंधारात एकामागून एक अनेक फ्रेम टिपून त्यांची गोळाबेरीज करतो. म्हणजे फोन याच्यापेक्षा जास्त हिशेबी, फक्त मालकाला पत्ता लागू देत नाही. आणि गोळाबेरजेची लाज याच तालुक्याने बाळगावी? खोडदची जीएमआरटी दुर्बीण काचेतून बघतच नाही. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. १४ मधोमध, बाकीच्या १६ तीन फाट्यांवर, शेताशिवारातून सुमारे २५ किलोमीटरपर्यंत पांगलेल्या. आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी त्या गोळा करतात आणि संगणक त्यांतून चित्र बांधतो. रेडिओचा गोंगाट कमी म्हणून ही जागा निवडली. आपला गडी उजेडाचा गोंगाट टाळत फिरतो. विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीला, दुर्बीण लोकांना दाखवतात तेव्हा तो तबकडीकडे ज्या नजरेने बघतो, ती नजर लेन्सची किंमत विचारताना घरच्यांनी ओळखलेली आहे.

एक आरोप मात्र मान्य करावा लागतो. भीमाशंकर-आहुपेकडच्या जंगलात पावसाच्या तोंडावर काजवे लखलखतात. ती नर-मादीची एकमेकांना खूण असते, आणि टॉर्च-फ्लॅशच्या उजेडात ती बुडून जाते. हे तो जाणतो, फ्लॅश बंद ठेवतो, मोबाइल पेटवणाऱ्यांवर खेकसतोही. पण मग अंधारात टिपलेल्या ढीगभर फ्रेम घरी एकावर एक चढवून असं झाड तयार करतो, की एवढे काजवे एका क्षणी कुणीच कधी पाहिलेले नसतात. याला खोटं म्हणायचं का? मी म्हणणार नाही, कारण तो लपवत नाही. फोटोखाली लेन्स, एफ नंबर, आयएसओ, प्रत्येक फ्रेमची सेकंदं, एकूण फ्रेम, सगळं प्रामाणिकपणे लिहिलेलं असतं. फोटो कशाचा आहे, तेवढं लिहायचं राहून जातं.