कुंपणाआडचा वेडेपणा

वेडेपणाची बाजू घेऊन आज लिहायचे आहे, आणि तेही मनापासून. हा वेडेपणा अठराव्या शतकातल्या आयरिश शेतकऱ्याचा.

१६९५ च्या कायद्याने आयर्लंडमधल्या कॅथलिकांना शाळा चालवण्याची आणि मुलांना शिकायला परदेशी पाठवण्याची बंदी झाली. शिकवताना सापडल्यास २० पौंड दंड आणि तीन महिने कैद. १७०९ मध्ये असा मास्तर पकडून देणाऱ्याला १० पौंडांचे बक्षीस लागले. शहाण्याने मास्तर विकला असता. या वेड्यांनी त्याला घरात ठेवून घेतले, जेवू घातले आणि वर फी दिली. पैसे नसले तर लोणी दिले, जळणाला पीटची ढेकळे दिली. उन्हाच्या बाजूच्या कुंपणाआड वर्ग भरे, एक पोर रस्त्यावर नजर ठेवी.

१७३३ पासून चार्टर शाळा निघाल्या. तिथे शिक्षण, जेवण, कपडे सारे फुकट. मुलाला प्रोटेस्टंट करायचे, एवढीच अट. पालकांनी बहुतेक करून पाठ फिरवली. पुढे तुरुंग-सुधारक जॉन हॉवर्ड यांनी त्या शाळा पाहिल्या, तेव्हा तिथली मुले आजारी, मळलेली, अर्धनग्न आढळली. अडाण्यांना फुकटाची किंमत आधीच कळली होती.

मास्तरही तसलेच. ओवेन रुआ ओ'सुलिव्हनने शेतमजुरी केली, ब्रिटिश नौदलात चाकरी केली, मधूनमधून शाळा काढली आणि आयरिश भाषेत अजरामर कविता केल्या. क्लेअरमधल्या फीकलला ब्रायन मेरिमन शेती करता करता शिकवत असे. त्याचे 'मध्यरात्रीचे न्यायालय' आयरिशमधले गाजलेले दीर्घकाव्य आहे. वाचन, लेखन, हिशेब तर होतेच. काही ठिकाणी शेतकऱ्यांची मुले लॅटिनही शिकत. पालकांच्या आग्रहाने इंग्रजीही शिकवली गेली आणि आयरिशच्या पीछेहाटीला तिचाही हातभार लागला. हे वेड निर्दोष नव्हते.

१७८२ नंतर बंदी सैल झाली. १८२४ च्या सरकारी चौकशीत दिसले, की शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी बहुसंख्य मुले पालकांच्या पैशावर चालणाऱ्या अशाच शाळांत होती. सरकारची राष्ट्रीय शाळांची योजना १८३१ मध्ये आली.

शिक्षणाचा परतावा मोजणाऱ्यांनी हा हिशेब तपासावा. दंड, तुरुंग आणि बक्षीस यांच्या जोरावर चाललेले शहाणपण हरले. लोणी देऊन मास्तर पोसणारे वेडे जिंकले.