जामीन न राहता पुस्तके सुचविण्याची कार्यपद्धती

मनुष्य वयाने आणि वजनाने काहीसा भारदस्त झाला, त्याच्या बैठकीच्या खोलीत काचेची दारे असलेले एक कपाट आले आणि गावच्या वाचनालयाच्या कार्यकारी मंडळावर त्याची बिनविरोध निवड झाली, की ‘काहीतरी चांगलं वाचायला सुचवा’ अशी दरखास्त घेऊन येणाऱ्या मंडळींपासून त्याची सुटका राहत नाही. ही दरखास्त वरकरणी निरुपद्रवी दिसते. परंतु जो पुस्तक सुचवितो तो त्या पुस्तकाला जामीन राहतो, आणि कर्जदार परागंदा झाल्यावर सावकार ज्या शांतपणे जामीनदाराच्या ओटीवर येऊन बसतो त्याच शांतपणे असमाधानी वाचक पुढे लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत, प्रसंगी एखाद्याच्या दहाव्याला गाठून ‘तुम्ही सांगितलंत म्हणून आणलं हो’ असे म्हणून वसुली सुरू करतो. सबब, सर्व वयांच्या व सर्व अभिरुचींच्या इसमांना सर्व प्रकारची पुस्तके सुचवूनही अंगावर तोशीस येऊ न देण्याची जी वहिवाट एका तालुक्याच्या वाचनालयाचा मानद कार्यवाह या नात्याने प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात आली, ती होतकरू शिफारसकर्त्यांच्या उपयोगासाठी येथे नमूद करीत आहे.

ग्रंथालयशास्त्राचे आचार्य शियाळी रामामृत रंगनाथन यांनी 1931 मध्ये या शास्त्राची पाच सूत्रे प्रसिद्ध केली. त्यांतील दुसरे म्हणते की प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळाले पाहिजे आणि तिसरे म्हणते की प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे. आचार्य मुळात गणिताचे अध्यापक असल्यामुळे ‘वाचक’ ही एकच राशी धरून चालण्याची त्यांना मुभा होती. व्यवहारात मात्र पुस्तक मागणारा, त्याचे पैसे मोजणारा आणि ते ज्याच्या माथी मारले जाणार तो, अशा तीन भिन्न व्यक्ती असतात. मुंजीच्या मोसमात एक गृहस्थ आले आणि भाच्यासाठी ‘वाचनाची गोडी लागेल असं’ पुस्तक सुचवा म्हणाले.

“मुलगा सध्या काय वाचतो?”

“तो कुठला वाचतोय! म्हणून तर द्यायचं.”

“आणि आपण काय वाचता?”

“मला कुठे वेळ असतो हो?”

अशा प्रसंगी भाचा कोणत्या इयत्तेत आहे, त्याला सायकल आवडते की साप, याची चौकशी करण्यात काल गमावू नये. पुस्तक भाच्याचे असले तरी शिफारस मामाची असते. आणि मामाला हवे असते ते जाडजूड, चकचकीत, पहिल्या पानावर नाव व तिथी घालण्याइतकी कोरी जागा असलेले आणि कोणीही नाक मुरडणार नाही असे काहीतरी.

हे सर्व गुण एकवटलेले पुस्तक म्हणजे ‘श्यामची आई’ होय, आणि नवशिक्या शिफारसकर्त्याने निदान पहिली काही वर्षे याच्यापलीकडे जाऊ नये. साने गुरुजींनी ते 1933 च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात झपाटल्यासारखे लिहिले, 1935 मध्ये ते प्रसिद्ध झाले, 1953 मध्ये आचार्य अत्र्यांनी त्यावर काढलेल्या चित्रपटाला पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले. इतका भक्कम दाखला असलेल्या पुस्तकाबद्दल तक्रार करण्याची छाती कोणत्याही पालकाला होत नाही. पालकांची अशी समजूत असते की या पुस्तकात एक आज्ञाधारक मुलगा आहे आणि ते वाचल्याने आपलाही मुलगा आज्ञाधारक होईल. वस्तुतः श्याम पोहायला जाण्याच्या भीतीने लपून बसतो, आईच्या शिंपटीचा मार खातो, आणि एका प्रकरणात तर मोठे होण्यासाठी पुस्तके हवीत म्हणून चक्क पैसे चोरतो. पुस्तकासाठी चोरी करणारा मुलगा मराठी वाङ्मयात दुसरा कोणी असल्यास मला ठाऊक नाही. आमच्या वाचनालयात तर पुस्तकासाठी वर्गणीसुद्धा कोणी वेळेवर भरीत नाही. ही गोष्ट पालकांच्या कानांवर अर्थातच घालू नये. मूल रडले म्हणजे संस्कार झाला असे ते मानतात, आणि मूल नेमके कोठे रडले हे पाहण्याच्या फंदात पडत नाहीत.

तीन वर्षांच्या आतील वाचक पुस्तकाची परीक्षा दातांनी करतात. त्यांच्यासाठी पुठ्ठा जाड असावा, इतके पुरे. त्याहून थोड्या मोठ्या बालकांना विंदा करंदीकरांचा ‘एटू लोकांचा देश’ किंवा माधुरी पुरंदरे यांची चित्रांची पुस्तके द्यावीत असे मनापासून वाटते. परंतु ‘यात तात्पर्य काय?’ या पालकांच्या प्रश्नाला आपल्यापाशी उत्तर नसते, म्हणून हे काम एखाद्या आत्याकडे सोपवावे. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे हाही असाच अडचणीचा. फुरसुंगीचा हा काटकुळा पोरगा सायकलवर टांग मारून ‘ट्टॉक’ करीत ज्या भानगडीत शिरतो तीतून तो सहीसलामत बाहेर पडतो खरा. पण त्याचे अनुकरण करून गुडघे फोडून घेतलेल्या बालकाची आई पट्टीचा खर्च शिफारसकर्त्याच्या खाती टाकते.

पौगंडावस्थेसंबंधी एकच सावधगिरीची सूचना. ‘कोसला’ हे पुस्तक (भालचंद्र नेमाडे, 1963) कोणाच्याही हाती परीक्षेच्या आधी देऊ नये. खानदेशातल्या खेड्यातून शिकायला पुण्यास आलेला, वसतिगृहात राहून बापाचा पैसा उधळणारा आणि अखेर नापास होऊन गावी परतणारा पांडुरंग सांगवीकर हा ज्या मुलाला पटायचा त्याला असा काही पटतो, की पुढले सहा महिने तो घरात त्याच्याच बोलीत बोलतो आणि वडिलांना ‘वडील’ या नावाची एक संस्था समजू लागतो. वडील मग वाचनालयात येतात. ते पुस्तक चाळूनही पाहत नाहीत, मात्र ते कोणी दिले याची नोंद पाहावयास मागतात.

गृहिणी व गृहस्थ यांच्याबाबत मराठी शिफारसकर्त्याला सर्वांत मोठा आधार कमलाबाई ओगले यांचा. 1970 साली निघालेली त्यांची ‘रुचिरा’ कादंबऱ्या, आत्मचरित्रे व काव्यसंग्रह यांच्या रांगेत बसविण्यास समीक्षक कां कूं करतात. परंतु वाटी आणि चमचा या दोन मापांवर तिने जो कारभार उभा केला, त्याची बरोबरी करणारे गद्य मला तरी फारसे आढळलेले नाही. कोणत्याही घरातील प्रत उघडून पाहावी. अनारशांच्या पानावर तेलाचा अर्धपारदर्शक डाग असतो, लोणच्यांपाशी हळदीच्या अंगठ्याचा ठसा असतो, आणि मध्येच कोणीतरी पेनाने ‘मीठ कमी’ असा शेरा मारलेला असतो. इतक्या बारकाईने वाचल्याची खूण मी ज्ञानपीठ मिळालेल्या ‘ययाति’च्या एकाही प्रतीत पाहिलेली नाही. तथापि या शिफारशीत एक धोका आहे तो सांगितला पाहिजे: कादंबरी फसली आहे हे वाचकाला कळायला पंधरवडा लागतो, चकली फसली आहे हे त्याच संध्याकाळी कळते.

सेवानिवृत्त गृहस्थ ‘ऐतिहासिक काही आहे का?’ असे विचारीत येतात. त्यांना रणजित देसाईंची ‘स्वामी’ द्यावी, असा जणू शासकीय संकेतच आहे. 1962 पासून ही कादंबरी निवृत्तिवेतनाच्या कागदपत्रांबरोबर दिली जाते की काय अशी शंका यावी इतकी ती या वर्गात प्रिय आहे. थोरल्या माधवरावांनी सत्ताविसाव्या वर्षी थेऊरला देह ठेवला. साठी ओलांडलेले वाचक मात्र तेथून पुढे पेशवाईत राहावयास जातात आणि कुटुंबाशी ‘आमचा मनसुबा काही वेगळाच होता’ अशा भाषेत चहा मागू लागतात. घरच्यांची फिर्याद आली, तर त्याच गृहस्थांना उतारा म्हणून गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ द्यावा. पेणजवळच्या वरसईचा हा कर्जबाजारी ब्राह्मण, बायजाबाई शिंदे मथुरेस यज्ञ करणार आहेत, दक्षिणा बरी मिळेल, एवढ्याच हिशेबाने 1857 साली घराबाहेर पडला आणि थेट बंडात सापडला. झाशीचा वेढा त्याने आतून पाहिला, लूट सोसली, आणि गंगेची कावड तेवढी खांद्यावर घेऊन परत आला. चिंतामणराव वैद्यांनी 1907 मध्ये ती हकीकत छापली. इतिहास हा गालिच्यावर बसून घडत नसून पोटाच्या पाठीमागे चालता चालता अंगावर कोसळतो, हे ज्याला एकदा कळले तो चहा पुन्हा साध्या मराठीत मागतो.

आता रहस्यकथा. हा विभाग शिफारशीचा नव्हेच, कारण येथील वाचक कोणास विचारीत नाही. चंद्रकांत सखाराम चव्हाण यांनी बाबुराव अर्नाळकर हे नाव घेऊन हजारांवर रहस्यकथा लिहिल्या, आणि झुंजार व काळापहाड या त्यांच्या नायकांनी जेवढ्या मराठी माणसांना अक्षरओळखीतून वाचनात ओढले तेवढ्यांना कोणत्याही साक्षरता मोहिमेने ओढले नसेल. तरीही प्रतिष्ठित मनुष्य हे नाव लेखी देत नाही. कोणाला याची शहानिशा करावयाची असेल त्याने वाचनालयात जाऊन पुस्तकाच्या मागल्या पुठ्ठ्याला चिकटवलेली परतीच्या तारखांची चिठ्ठी पाहावी. ज्या वैचारिक ग्रंथाचा प्रत्येक भाषणात उल्लेख होतो त्याच्या चिठ्ठीवर जांभळ्या शाईचे तीन शिक्के असतात, त्यांपैकी एक ग्रंथपालबाईंनी शिक्का उमटतो की नाही हे पाहण्यासाठी मारलेला. अर्नाळकरांच्या जीर्ण पुस्तकावर चिठ्ठीवर चिठ्ठी डकवून एक बोटभर थर झालेला असतो, शेवटची दोन पाने गहाळ असतात, आणि बाराव्या पानाच्या समासात कोणा परोपकारी सभासदाने पेन्सिलीने खुन्याचे नाव लिहून ठेवलेले असते.

आपण न वाचलेली पुस्तके कशी सुचवावीत, हा या शास्त्राचा गाभा होय. कारण तसे न केल्यास शिफारसकर्त्याचा साठा लवकरच संपेल. नियम सोपा आहे. ‘हे एकदा वाचून भागत नाही’ असे म्हणावे आणि खिडकीबाहेर पाहावे. यादी लेखी मागितली गेल्यास तिच्यात सर्व प्रवाहांचे यथायोग्य प्रतिनिधित्व ठेवावे, म्हणजे कोणाचा आक्षेप येत नाही. दया पवारांचे ‘बलुतं’ 1978 साली आले तेव्हा त्याने पुष्कळांची झोप उडविली. आता ते अशा याद्यांत चौथ्या क्रमांकावर निमूटपणे बसलेले आढळते. ज्या पुस्तकाने हिशेब मागितला त्याचे नाव यादीत घातले, की हिशेब रुजू झाला असे समजून दफ्तर बांधून टाकण्याची ही सोय ज्याने शोधून काढली तो मोठाच कारकून असला पाहिजे.

विज्ञानकथेच्या बाबतीत मात्र एक गैरसोयीचे उदाहरण घडून गेले आहे. जयंत नारळीकर जगद्विख्यात झाल्यानंतर, 1974 मध्ये, त्यांनी मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा पाठविली ती नारायण विनायक जगताप या नावाने. आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटून, आणि हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नीकडून नक्कल करवून. कथेला पहिले बक्षीस मिळाले. स्वतःचीच शिफारस चालू नये म्हणून एवढी खटपट करणारा लेखक आमच्या धंद्याच्या मुळावर येणारा आहे, आणि अशांचे अनुकरण वाढले तर सत्कार समारंभांना अध्यक्ष कोणाला करावयाचे हा प्रश्न उभा राहील.

येथवर सांगितलेली सर्व पथ्ये पाळूनही शिफारसकर्त्याचा एक दिवस घात होतो. तो घात माझ्यापुरता लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या पुस्तकाने केला आहे. शाळेचे तोंड न पाहिलेली बाई; सोवळ्याच्या वेडाने घर धारेवर धरणारे वडील; कवी, लहरी, दिलदार आणि पुढे 1895 मध्ये ख्रिस्ती झालेला नवरा; आणि या सगळ्या वाताहतीची हकीकत, कोणावर दात न धरता, स्वतःलाही न सोडता, शेजारणीला सांगावी तशी हसत सांगितलेली. तिचा पहिला भाग 1934 साली निघाला. हे पुस्तक कोणत्या वयाला, कोणत्या वर्गाला आणि कोणत्या प्रसंगी द्यावे याचा विचार मला करताच येत नाही. समोर नोकरी शोधणारा तरुण असो, नातवाला शाळेतून आणायला निघालेली आजी असो की विम्याचा हप्ता घ्यायला आलेला प्रतिनिधी असो, मी ते सुचवून बसतो. इतकेच नव्हे तर वाचनालयाची प्रत बाहेर गेलेली असल्यास कपाटातील स्वतःची देतो. ती परत येत नाही. तगादा लावण्याचे धैर्य होत नाही, कारण वाचले नसेल तर लाज त्याला वाटेल आणि वाचले असेल तर परत मागण्याची लाज मला वाटेल. म्हणून दिवाळीच्या सुमारास मी मुकाट्याने नवी प्रत आणतो. जामीनकी याला म्हणतात, आणि ती टाळण्याचा कोणताही उपाय या मार्गदर्शिकेत नाही.

राहता राहिला एक दुर्मीळ पण गंभीर प्रसंग: सुचविलेले पुस्तक वाचून संपवून, मुदतीच्या आत, मनुष्य पुन्हा दारात उभा राहतो आणि ‘असंच आणखी काही आहे का?’ असे विचारतो. अशा इसमाला वयाचा दाखला विचारू नये, वर्गणीची थकबाकी काढू नये, यादी तर मुळीच देऊ नये. त्याला आत घेऊन शिडी धरावयास लावावे, वरच्या फळीवरची पुस्तके एकामागून एक खाली द्यावीत, आणि ग्रंथपालबाई किल्ल्या वाजवीत ‘आठ वाजले, कुलूप लावायचंय’ असे म्हणाल्या तर भिंतीवरचे घड्याळ पुढे आहे असे खुशाल ठोकून द्यावे.