पालीचा कॉमिक्सवाला

बीडहून सोलापूरच्या रस्त्याला लागलात की खजाना विहिरीच्या पुढे आमची पाली येते. बिंदुसरेचं धरण इथलं, आसपासच्या बालाघाटातली सीताफळं इथली, आणि मोठ्या माणसांसाठी काढलेल्या कॉमिक्सची परीक्षणं लिहिणारा, निदान या पंचक्रोशीतला तरी एकुलता एक माणूसही इथलाच. धरण आणि सीताफळं लोकांच्या उपयोगाला येतात.

मी पतसंस्थेतला निवृत्त कारकून. निवृत्त माणसाने सकाळी फिरून यावं, दुपारी आडवं व्हावं आणि संध्याकाळी देवळाच्या ओट्यावर बसून सरकारला नावं ठेवावीत, असा सोपा नेम गावाने घालून दिलेला असताना तुम्हाला ही अवदसा कुठून आठवली, असं आमची ही अधूनमधून विचारते. उत्तर तिला ठाऊक आहे. पुण्यात नोकरी करणाऱ्या लेकीने बाबांचा वेळ जावा म्हणून पुस्तकांचं पार्सल धाडलं, आणि ते पोचलं का हे विचारायला फोन केला तो नेमका घरात कुरडयांचा घाट घातलेला असताना, गल्लीतल्या बाया गव्हाचा चीक हाटत बसलेल्या असताना, आणि फोनचा स्पीकर चालू असताना. तो चालू कसा होतो हे मला माहीत नाही, बंद कसा होतो हे तर मुळीच नाही. "बाबा, ती लहान मुलांची कॉमिक्स नाहीत हां," लेक ठणठणीत आवाजात म्हणाली, "मोठ्यांची आहेत!" चीक हाटायचा थांबला. दिवेलागणीपर्यंत गिरणीवरून धरणाच्या भिंतीपर्यंत बातमी पोचली होती की अमक्याच्या घरी पुण्याहून घाणेरडी चित्रं येतात.

मी खुलासा करायला निघालो, हे माझं नेहमीचंच. कटिंगच्या दुकानात खुर्चीत बसून, गळ्याशी फडकं बांधलेलं असताना, मी सगळ्यांना समजावून सांगितलं की २००९ साली सरकारने बंदी घातली ती इंटरनेटवरच्या चावट कॉमिक्समधली भाभी वेगळी आणि माझी पुस्तकं वेगळी. माझ्याकडचं ‘माऊस’ हे आर्ट स्पीगलमन यांचं पुस्तक तर हिटलरच्या छळछावणीतून वाचलेल्या त्यांच्या बापाची कहाणी आहे आणि त्याला १९९२ साली पुलित्झरचा खास सन्मान मिळालेला आहे. दुकानातल्या लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं. पुलित्झर कुणाच्या लक्षात राहिला नाही. भाभीबद्दल मला वर्षासकट माहिती आहे, हे मात्र सगळ्यांच्या लक्षात राहिलं.

खरं तर चावट चित्रांचं आपल्या लोकांना वावडं कधीच नव्हतं. मधुकर पाटकरांनी १९५१ मध्ये सुरू केलेला ‘आवाज’ दिवाळी अंक आठवतोय ना? त्यातली ती खिडकीचित्रं? वरच्या पानाला कातरून खिडकी केलेली, तिच्यातून भलतंच काहीतरी चाललंय असं दिसायचं, आणि पान उलटलं की बिचारी बाई आपली साधं घरकाम करत असायची. आमचे मामा तो अंक गादीखाली ठेवत. मामा शेतावर गेले की मी तो काढायचो, पण घाईत आधी पान उलटायचो आणि मग खिडकी बघायचो, त्यामुळे मला पहिल्यांदा ते निरागस चित्रच दिसायचं आणि मोठी माणसं खी-खी करून हसतात कशाला हे काही केल्या कळायचं नाही. पुढच्या सगळ्या दुर्दैवाची मुळं या गादीखाली आहेत, असं मला आता वाटतं.

वेताळाचीही तीच गत. इंद्रजाल कॉमिक्स १९६४ मध्ये निघाली आणि १९९० मध्ये बंद पडली. मधल्या काळात मराठीत वेताळ आला तो आमच्याकडे एसटीने. बीडला रेल्वेच नव्हती, मग फलाटावरचं पुस्तकांचं दुकान कुठून असणार? कुणाचा तरी पाहुणा औरंगाबादहून एखादा अंक आणायचा, तो अख्ख्या आळीत फिरायचा, आणि माझी पाळी येईपर्यंत शेवटची पानं कुणीतरी शेंगदाणे बांधायला वापरलेली असायची. कवटीच्या गुहेत वेताळ शिरला इथवर मला सगळ्या गोष्टी पाठ आहेत. तो बाहेर आला की नाही, देव जाणे.

एवढ्या भक्कम पायावर मी समीक्षक झालो. एका दिवाळी अंकाचे संपादक ओळखीचे निघाले, "काहीतरी वेगळं द्या, कविता नको" असं काकुळतीने म्हणाले, आणि मी दुसऱ्याच दिवशी जाड काड्यांचा चष्मा करून घेतला. विल आयस्नर यांनी १९७८ साली आपल्या पुस्तकाच्या वेष्टनावर ‘ग्राफिक नॉव्हेल’ असं छापून घेतलं, तेव्हापासून ही पुस्तकं ताठ मानेने हिंडू लागली, हे वाक्य मी पाठ केलं आणि भाजी घेतानाही म्हणायला लागलो. चित्रकला म्हणाल तर चौथीत मी काढलेल्या गाईला गुरुजींनी उंदीर म्हणून पूर्ण मार्क दिले होते.

पहिला बार म्हणून निवडलं ते नाओकी उरासावा यांचं ‘मॉन्स्टर’. जपानी मालिका, १९९४ ते २००१ अशी चाललेली, एकूण अठरा खंड. लेकीने पहिला पाठवला होता. जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या एका दवाखान्यात डॉक्टर तेन्मा नावाचा जपानी सर्जन आहे, आणि नगराच्या महापौराला बाजूला ठेवून तो डोक्यात गोळी लागलेल्या एका पोराला वाचवतो, असं मागच्या बाजूला लिहिलेलं होतं. म्हणजे मी जिला पुढची बाजू समजत होतो तिच्यावर. पुस्तक उघडल्याबरोबर पहिल्याच पानावर, बाण वगैरे काढून, "थांबा, तुम्ही उलट्या दिशेने वाचत आहात" अशा अर्थाची सूचना होती. मी थबकलो. वा! आरंभीच केवढं चिंतन! आजचा माणूस आयुष्य उलट्या दिशेने वाचतो, हा लेखकाचा इशारा मी वहीत उतरवून घेतला आणि पान उलटलं.

पुढे काय सांगू महाराज! सुरुवातीलाच एक थंड डोक्याचा तरुण खुनी समोर आला. मग पानं सरतील तसा तो लहान लहान होत गेला, मेलेली माणसं खुर्चीत बसून गप्पा मारायला लागली, पोलीस आधी चौकशी संपवून मग दारावर टकटक करायला लागले, पात्रं आधी उत्तर देऊन नंतर सवडीने प्रश्न विचारायला लागली, आणि शेवटाकडे तो खुनी एक भेदरलेलं लेकरू होऊन ऑपरेशनच्या टेबलावर निजला. मला गहिवरून आलं. मी बारा पानी परीक्षण लिहिलं. "मृत्यूकडून जन्माकडे, अपराधाकडून निरागसतेकडे जाणारा हा प्रवास" असं एक वाक्य त्यात होतं, प्रश्नाआधी उत्तर येणं ही झेन परंपरा असल्याचं एका परिच्छेदात सिद्ध केलं होतं, आणि काळाला असं उलटं फिरवण्याची हिंमत मराठी कादंबरीकार कधी दाखवणार, म्हणून शेवटी त्यांची चांगली खरडपट्टीही काढली होती. अंक छापून आला. मी तो आणि ‘मॉन्स्टर’ काखोटीला मारून हमरस्त्यावरच्या चहाच्या हॉटेलात गेलो.

तिथे उर्दू शाळेतून निवृत्त झालेले आमचे गुरुजी बसलेले असतात. हा मुलूख सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाचा, त्यामुळे शेताची जुनी कागदपत्रं उर्दूत, आणि भावाभावांत बांधावरून जुंपली की ती वाचून घ्यायला लोक अजून गुरुजींना शोधत येतात. गुरुजींनी चष्मा पुसला, ‘मॉन्स्टर’ हातात घेतलं आणि सवयीने उजव्या बाजूने उघडलं. मी हसून म्हटलं, "गुरुजी, ही मागची बाजू." ते काही बोलले नाहीत. बोटाला थुंकी लावून उजवीकडून डावीकडे, वरून खाली, एकेक चौकट बघत बसले. इंग्रजी त्यांना बेताचंच. दुसरा चहा येईस्तोवर त्यांनी मान वर केली.

"भाऊसाहेब, डॉक्टरने पोरगं वाचवलं, अन् तेच मोठं होऊन माणसं मारायलंय. आता डॉक्टरच्या जिवाला घोर लागणार, की आपण हे काय करून बसलो म्हणून. चांगली हाय की गोष्ट. तुमच्या पेपरात उलटी का छापली?"

जपानी पुस्तकं उजवीकडून वाचतात. जगातल्या कॉमिक्सवाल्या पोराटोरांना हे ठाऊक आहे, आमच्या गुरुजींना ते सांगावंही लागलं नाही, आणि समीक्षकाला ते बाण काढून दाखवलेलं होतं. वाईट याचं वाटतं की संपादकांकडे परीक्षणाबद्दल एकच पत्र आलं, ते एका प्राध्यापकांचं, आणि त्यांना काळाची उलटी मांडणी ‘विशेष भावली’ होती.

यानंतर मी परदेशी पुस्तकांना रामराम ठोकला आणि आपल्याकडच्या पुस्तकांकडे वळलो. अमृता पाटील यांची ‘कारी’, २००८ ची. मुंबईसारख्या धुरकट शहरात राहणारी, जाहिरात कंपनीत काम करणारी, आणि एका मुलीवर जीव जडलेली मुलगी तिची नायिका. पहिल्याच पानांत दोघीजणी इमारतीवरून उड्या मारतात. हे घरात कुठे ठेवायचं? खूप विचार करून मी ते ज्वारीच्या कोठीत तळाशी पुरलं आणि निर्धास्त झालो. कोठीतली ज्वारी दळणाला निघते, ही गोष्ट माझ्या हिशेबात नव्हती. ‘कारी’ डब्यातून गिरणीवर गेली, तिथून गिरणीवाल्याने ती सर्वांदेखत हिच्या हातात दिली. हिने लेकीचा दहावीपर्यंतचा अभ्यास घेतलेला असल्यामुळे तिचं इंग्रजी माझ्यापेक्षा बरं. दोन दुपारी तिने ते पुस्तक वाचलं, पीठ झटकलं आणि म्हणाली, "पोरीला मैत्रीण सोडून गेली, तिला करमत नाही. एवढं साधं दुःख आहे. यात लपवण्यासारखं काय होतं?" मग थोडं थांबून, "आणि चित्रांत मधेच रंग येतात ते बघितलेत का?" मी बघितले नव्हते. मी फक्त दाराकडे बघत वाचलं होतं.

आता राहिलं ‘भीमायन’. बाबासाहेबांच्या आयुष्यातल्या अस्पृश्यतेच्या अनुभवांवरचं, २०११ मध्ये ‘नवयान’ने काढलेलं पुस्तक, शब्द श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचे, चित्रं दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांची. यात चौकटी नाहीत, सगळं पानभर वाहत जातं. लहानग्या भीमाची तहान आहे, बडोद्यात न मिळालेला निवारा आहे, आणि १९३४ मधली दौलताबादची हकिकतही आहे. दौलताबाद म्हणजे आमच्याच निजामी मुलखातलं. किल्ल्याच्या हौदावर बाबासाहेब आणि त्यांच्या सोबतच्यांनी हातपाय धुतले म्हणून तिथे गदारोळ उठला होता. मी या पुस्तकावर सामाजिक अंगाने, ऐतिहासिक अंगाने आणि वैचारिक अंगाने पानंच्या पानं लिहिली. चित्रांवर लिहिलेलं वाक्य एकच: "चित्रे सुंदर आहेत." त्याच्याखाली एक तक्रार मात्र नोंदवली, की संवादांच्या काही फुग्यांच्या शेपटीपाशी छपाईत काहीतरी काळं वाकडं सांडलेलं दिसतं, प्रकाशकांनी लक्ष द्यावं.

आई ओसरीवर शेंगा फोडत होती. तिने शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. ती पुस्तकावर वाकली आणि त्या सांडलेल्या शाईवर बोट ठेवून म्हणाली, "हा माणूस लई वंगाळ बोलायलाय, न्हाई?"

"तुला गं कसं कळलं?"

"इचवाची नांगी हाय की त्याच्या बोलण्याला. अन् ह्या लेकराच्या बोलण्याला बघ, पाखरू केलंय. गरीब हाय ते."

मी पुस्तक पुन्हा पहिल्यापासून उघडलं. खरंच, ज्यांचे शब्द डसतात त्यांच्या फुग्याला विंचवाची नांगी होती आणि ज्यांचे शब्द मऊ त्यांचा फुगा पाखराच्या आकाराचा होता. चित्रकारांनी ते पानोपानी काढून ठेवलं होतं. मी ते छपाईचा दोष म्हणून पाकिटात घालून, तिकीट चिकटवून, वर ‘अर्जंट’ लिहून तयार ठेवलं होतं. पाकीट फोडलं तेव्हा तिकीट फाटलं, त्यावर आई आणखी वेगळं बोलली. त्या बोलण्याला कोणती शेपटी होती ते सांगत नाही.

माझं मत विचाराल तर या प्रकारच्या पुस्तकांचं वाटोळं माझ्यासारख्या अक्षरओळख झालेल्या लोकांनी केलंय. फुग्यातली अक्षरं वाचायची, चित्रावरून नजर सरकवायची आणि दिवाळी अंकात वैचारिक अंग शोधत बसायचं. आता आमच्या घरी नवीन पद्धत आहे. पुस्तक आलं की ते आधी आईपुढे जातं, मग हिच्याकडे, मग चहाच्या हॉटेलात गुरुजींकडे, ‘माऊस’ तर शेजारच्या तिसरीतल्या पोराने मांजर-उंदराची गोष्ट म्हणून मागून नेलं आणि दुसऱ्या दिवशी परत आणून विचारलं, "काका, सगळ्या उंदरांना सारखेच पट्ट्यापट्ट्यांचे कपडे कुणी घातले?" एवढ्या मोलाचा प्रश्न माझ्या एकाही परीक्षणात नाही. मी तो चोरला. सगळ्यांचं बोलून झालं की मी ते वहीत लिहून काढतो आणि खाली माझं नाव घालतो. मानधन मिळत नसल्यामुळे वाटणीचा तंटा नाही.

तेव्हा वाचकहो, एक विनंती. तुमच्या माळ्यावर, पेटीत, मामांच्या गादीखाली मराठी इंद्रजालचा एखादा अंक शेवटच्या पानांसकट शाबूत असेल तर तो रद्दीत घालू नका, माझ्याकडे पाठवा. वेताळ गुहेतून बाहेर आला का, एवढं कळलं तरी पुरे. जपानी पुस्तक पाठवणार असाल तर तेही चालेल. फक्त ते कोणत्या बाजूने उघडायचं हे पाकिटावर लिहा, आणि मला नव्हे, आईला उद्देशून.